अल्विना मावशीच्या डेऱ्यावरची तीस माणसं

माझ्या अल्विना मावशीला इंग्रजीचा एक शब्द येत नाही, अशी सरहद्दीवरच्या झाडून सगळ्या शिपायांची समजूत होती. वास्तविक बाईची अर्धी हयात सरकारी दवाखान्याच्या धुलाईघरात गेली. डॉक्टरांशी ती इंग्रजीत भांडायची, नर्सांना इंग्रजीत दमात घ्यायची. पण समोर हिरवा गणवेश दिसला की तोंडाला कुलूप. बोललीच तर आमच्या जमातीच्या ओओधम भाषेत. "त्यांना माझ्याशी बोलायचंय ना? मग शिकू देत की. मी त्यांची भाषा शिकले तेव्हा शाळेत पट्टीचा मार खाल्ला होता. यांना तर कुणी मारणारसुद्धा नाही," असं म्हणायची.

मावशीचा राग उगाच नव्हता. आमच्या खापरपणज्यांच्या काळी मेक्सिकोनं ही जमीन विकली आणि अमेरिकेनं विकत घेतली. जमीन आमची, पण आम्हाला विचारायला कोण येतंय? वाळवंटातून सरळ एक रेघ ओढली आणि निम्मे ओओधम अमेरिकेत, निम्मे मेक्सिकोत. बरीच वर्षं ती रेघ म्हणजे नुसती तार होती, गुरं अडवायची. आमची माणसं तार वर उचलून जा-ये करायची, लग्नाला, मयताला, पीठ संपलं तर पीठ मागायला. मग हळूहळू तिला शिपाई फुटले, जीपगाड्या फुटल्या. कानामागून आली आणि तिखट झाली.

मावशीचा नवरा सिमोन दक्षिणेकडच्या गावचा. त्याच्यापाशी कागद नव्हते, कारण त्याचा जन्म झाला तेव्हा कागद देणारा कुणी तिथं नव्हताच. गस्तीची गाडी त्याला दुकानाच्या दारात पकडायची, रेघेपलीकडे नेऊन सोडायची आणि संध्याकाळी सिमोन जेवायला घरी हजर. मावशी ताट झाकून ठेवायची. "आज कुठं सोडलं?" ती विचारायची. तो म्हणायचा, "नेहमीच्याच ठिकाणी. गाडीतून नेलं हे बरं, पाय दुखत होते." स्वतःच्या बायकोच्या घरी यायचं तर लपूनछपून. आपलीच मोरी नि मुतायची चोरी, दुसरं काय. त्याच्या गावाची तर आणखी कथा: तिथल्या गुरंवाल्या जमीनदारानं गावाची विहीरच कुंपणात घेतली, आणि मेक्सिकोचं सरकार म्हणालं, तक्रार करायला राजधानीला या. इकडच्या सरकारकडे निदान दवाखाना होता. तिकडच्या गरीब सरकारकडे आम्हाला द्यायला काहीच नव्हतं, आणि घ्यायला मात्र विहीर होती.

पण मला सांगायचंय ते व्हर्लिनचं आणि त्याच्या हाशनचं.

हाशनला बाहेरचे लोक निवडुंग म्हणतात. म्हणू देत. दोन-तीन पुरुष उंच वाढतो, म्हातारा झाला की हात फुटतात, आणि जूनच्या भट्टीत, बाकी सगळं करपलेलं असताना, त्याच्या डोक्यावर लाल गराची फळं येतात. त्या दिवसांत प्रत्येक घर आपापल्या डेऱ्यावर जातं. चार खांब, वर फांद्यांचं छप्पर, खाली चूल. फळं पाडायची आणि गर आटवून काकवी करायची. मावशीचा डेरा अगदी रेघेला लागून. आमच्या राखीव हद्दीबाहेर पडतो तो, सरकारच्या वनात. आमच्या पणजीनं तिथं चूल मांडली तेव्हा वनखातं जन्मलंही नव्हतं, पण आता फळं पाडायला आम्ही त्यांचा परवाना घ्यायचा.

मावशीची धाकटी बहीण सेराफिना याच डेऱ्यावर बाळंत झाली. दिवस भरले नव्हते. दवाखान्याची गाडी यायच्या आत पोर जन्मलं आणि पोराची आई गेली. पोर म्हणजे नुसता मुठीएवढा जीव, रडायलाही ताकद नाही. आमच्यात बाळाची नाळ हाशनच्या पायाशी पुरतात, त्याचं आयुष्य बाळाला लागावं म्हणून. तो हाशन मग त्या माणसाच्या नावाचा. नावाचा कसला, तो माणूसच. एक इकडे उभा, एक तिकडे चालताबोलता. मावशीनं बहिणीचे डोळे मिटले, आणि तिथला सगळ्यात दणकट, सात हात फुटलेला हाशन निवडून त्याच्या पायाशी नाळ पुरली. तो तारेच्या अगदी जवळ होता. कमजोर पोराला जोरकस जोडीदार पाहिजे, एवढंच तेव्हा तिनं पाहिलं. पोर जगलं. त्याचं नाव व्हर्लिन. मावशीला स्वतःचं मूल नाही, तिनंच वाढवला.

आणि या व्हर्लिननं मोठा होऊन काय करावं? सरहद्दीच्या गस्तीत भरती झाला.

मी त्याला फार नावं ठेवत नाही. आमच्याकडे बारमाही पगार देणारी ठिकाणं दोनच, दवाखाना आणि गस्त. दवाखान्यात जागा नव्हती. पण पहिल्यांदा तो हिरवा गणवेश घालून घरी आला तेव्हा मावशीनं त्याला दारातच थांबवलं. "तुझ्या मावसोबांना पकडायला आलास? ते वारले," म्हणाली. गणवेश उतरवून, जुना सदरा घालून आल्यावरच त्याला वाढलं. पुढे हा नियमच झाला. व्हर्लिन गाडीत कपडे बदलायचा, शाळकरी पोरासारखा, आणि आम्ही मावसभावंडं त्याची टर उडवायचो.

मग भिंतीचं आलं. रेघेलगतची पट्टी सरकारची, त्या पट्टीत लोखंडी दांड्यांची भिंत उभी राहणार, घरापेक्षा उंच. पट्टीतले लहान हाशन उपटून दुसरीकडे लावणार, मोठे तोडणार, कारण मोठे उचलायला परवडत नाहीत. व्हर्लिनचा हाशन पट्टीत. त्यावर कुणीतरी येऊन लाल रंगाची फुली मारून गेलं. गस्तीतून कुणाला उभं केलं असेल बांधकामाच्या राखणीला? ज्याला तिथली वाटनवाट माहीत आहे, त्याला. व्हर्लिनलाच.

"बदली मागून घे," मी त्याला म्हणाले.

"मिळत नाही. आणि यूला, शेवटी निवडुंगच आहे गं तो."

मावशी चुलीपाशी होती. हातावर पोळी फिरवून फिरवून चादरीएवढी करत होती ती तशीच थांबली. "मुठीएवढं पोर होतास तू," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाला, आठवडा काढणार नाही. आज एवढा रेड्यासारखा वाढलायस तो काय डॉक्टरच्या गोळ्यांवर? तो पडला तर तू पडशील. तुला खरं वाटो न वाटो. मी एक बहीण तिथं घालवलीय, तिचं पोर घालवायची नाही."

"मावशी, मी काय मरत नाही."

"तू गप जेव."

मावशीला खरोखर भीती वाटत होती, हे मला त्या दिवशी कळलं. एरवी ती कशाला भ्यायची नाही. पण त्या उन्हाळ्यात ती व्हर्लिन निजला की त्याच्याकडे बघत बसायची, चाळीशीला आलेल्या पुरुषाकडे.

वसंतात भिंतीच्या कंत्राटदाराकडून एक बाई आली होती, डोक्यावर शिरस्त्राण, अंगभर खिसे. बोलायला चांगली होती. डेऱ्यावर किती लोक असतात, एवढंच तिला पाहिजे होतं. मी दुभाषी. मावशीनं इकडे तिकडे नजर फिरवली आणि म्हणाली, "असतील तीसेक." मी इंग्रजीत सांगितलं, तीसेक. कायम असतात का? मावशी म्हणाली, "कुठं जाणार ते? कायमच असतात." मी तेही सांगितलं. बाईचा चेहरा जरा उतरला, तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही. आईशप्पथ सांगते, मावशीनं माणसंच मोजली होती आणि मीही माणसंच सांगितली. आम्ही घरात असंच मोजतो.

त्या तिसाचं काय झालं असेल वरपर्यंत जाताना, देव जाणे. जूनमध्ये फळं पिकली, मावशीनं डेऱ्यावर मुक्काम ठोकला आणि सांगून टाकलं की हंगाम संपेस्तोवर उठणार नाही. तोडणीची तारीख हंगामातच होती. आणि त्या सकाळी मी कढईत गर ढवळतेय तर समोरून धुळीचा लोट. माणसं भरून न्यायला एक रिकामी बस, मागे गस्तीच्या गाड्या, त्यामागे लोखंडी दातांचं यंत्र. ढाली घेतलेले जवान उतरले. कर्णा काढला. इंग्रजीत झालं, स्पॅनिशमध्ये झालं: सर्वांनी हात दिसतील असे ठेवून बाहेर यावं.

छपराखाली आम्ही दोघी. एक सत्तरी उलटलेली म्हातारी आणि एक शाळेच्या स्वयंपाकघरातली बाई, हातात लाकडी डाव. हात दिसत होतेच आमचे, कोपरापर्यंत लाल.

मोठा साहेब पुढे आला. काळा चष्मा, मानेवर उन्हानं सोललेली कातडी. त्यानं आत वाकून पाहिलं, छपरामागे जाऊन पाहिलं, मग व्हर्लिनला हाक मारली. व्हर्लिन गाडीआडून आला. गणवेशात. मावशीनं त्याच्याकडे पाहिलं आणि कढईतला फेस काढत राहिली.

"विचार तिला, बाकीचे कुठे आहेत," साहेब म्हणाला.

व्हर्लिननं विचारलं. मावशीला इंग्रजी कळतं हे त्याला ठाऊक होतं, इतक्या वर्षांत त्यानं गस्तीत कुणाजवळ ते फोडलं नव्हतं. त्याही दिवशी फोडलं नाही.

"हे काय, समोर तर आहेत," मावशी म्हणाली. "दिसत नाहीत का तुझ्या साहेबाला? तो काळा चष्मा काढायला सांग."

व्हर्लिननं सांगितलं, चष्म्यासकट. मग मावशी उठली. बोट दाखवणं आमच्यात वाईट, म्हणून ओठ पुढे काढून एकेकाकडे दाखवत ती बाहेर चालायला लागली. मागे साहेब, मध्ये व्हर्लिन.

"हा तोमासमामा. पिऊन आला की असाच तिरका उभा राहायचा. ही माझी आजी. हिच्या काखेत घुबडाचं बिऱ्हाड आहे, हिला कुणाला नाही म्हणताच यायचं नाही. ही यूलाची आई, ती अजून आहे, घरी गुडघा धरून बसलीय. ही मी. मला अजून हात फुटायचाय, बघ. आणि तो पलीकडचा, तारेच्या तिकडचा, तो माझा नवरा. त्याला हात लावलात तर मेक्सिकोशी भांडण लागेल तुमचं."

व्हर्लिन शब्दाला शब्द सांगत होता. सुरुवातीला जवानांतले दोघे-तिघे हसले. मग हसू थांबलं, कारण म्हातारी मस्करी करत नव्हती आणि सांगणाराही नाही. साहेबानं दोनदा घड्याळ पाहिलं. यंत्रावर नोगालेस गावचा एक मेक्सिकन होता, चूय नावाचा, तो सीटवरून वाकून ऐकत होता.

सगळ्यात शेवटी मावशी लाल फुलीपाशी आली. सात हातांचा तो हाशन, खाली त्याची सावली, आणि सावलीत व्हर्लिन.

"आणि हा कोण, ते तू सांग," ती म्हणाली.

व्हर्लिननं साहेबाकडे पाहिलं नाही. यंत्राकडे पाहिलं, मग फुलीकडे. मला वाटलं, आता हा म्हणेल, काही नाही साहेब, हा नुसता निवडुंग आहे. म्हणाला असता तर मी जन्मभर त्याच्याशी बोलले नसते.

"हा मी," तो इंग्रजीत म्हणाला.

"म्हणजे?"

"माझी नाळ याच्या खाली आहे. आई त्या चुलीपाशी गेली. मला याच्या हवाली केलंय. हा मी आहे, साहेब."

चूयनं यंत्र बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि साहेबानं हाक मारली तेव्हा म्हणाला, इंजिन तापलंय. ते चालू होऊन मुळी पाव तासच झाला होता. साहेब त्याच्यावर ओरडला, मग व्हर्लिनवर ओरडला, मग गाडीत बसून त्यानं फोन लावला आणि तिथं कुणीतरी त्याच्यावर ओरडलं असावं, कारण उतरला तो वेगळाच होऊन. ढालीवाले आणि अख्खी बस एका म्हातारीसाठी मागवली हे वर कळायला नको होतं त्याला. म्हणाला, बाकीचे तुटतील, त्याला इलाज नाही. हा एक उचलून पट्टीबाहेर लावू. पण एवढा मोठा जगत नाही.

"तिला सांग," तो व्हर्लिनला म्हणाला, "आम्ही उचलतो आहोत, पण हा मरणारच आहे."

मावशीनं व्हर्लिनला बोलूच दिलं नाही. सरळ साहेबाकडे वळली आणि स्वच्छ, डॉक्टरी इंग्रजीत म्हणाली, "तुम्हीही मरणारच आहात, साहेब. म्हणून काय कुणी तुम्हाला आज तोडतं का?"

साहेबाचा चेहरा मी विसरणार नाही. इतक्या वर्षांत तिच्यासमोर गस्तीची माणसं काय काय बोलली असतील, ते सगळं त्याला एकदम आठवत असावं.

बाकीचे तोडले. ते मी गोड करून सांगणार नाही. तोमासमामा पडला, आजी पडली, घुबड दिवसभर वरती घिरट्या घालत होतं. मी रडले. मावशी रडली नाही, ती प्रत्येकाचं नाव मोठ्यानं घ्यायची आणि मग धुलाईघरात शिकलेल्या इंग्रजी शिव्या घालायची. तिचा स्वतःचा पट्टीच्या कडेला होता, तोही गेला. "माझं वय झालंय, मला चालेल," एवढंच म्हणाली, आणि परत कढईपाशी बसली.

व्हर्लिनचा मात्र तिनं हट्टानं आपल्या पद्धतीनं हलवून घेतला. मुळं यंत्रानं खणू दिली नाहीत. व्हर्लिननं गणवेशाचा सदरा काढून कुंपणावर टाकला आणि हातानं खणायला बसला. मुळं खोल जात नाहीत त्याची, उथळच पसरतात, जेवढी उंची तेवढी लांब. गावातून गाद्या आल्या, गोधड्या आल्या, त्याला गुंडाळून क्रेननं उचलला. दक्षिणेच्या अंगाला मावशीनं आधीच लाल चिंधी बांधली होती. हाशनची दिशा बदलली तर जी बाजू कधी उन्हात नव्हती ती भाजून निघते. नव्या खड्ड्यात उभा करताना क्रेनवाल्यानं तो जरा फिरलेला ठेवला, तर मावशीनं त्याला पुन्हा उचलायला लावलं. "जन्मापासून त्या बाजूला तोंड आहे त्याचं. आता भिंत येतेय म्हणून पाठ फिरवायची की काय त्यानं?"

व्हर्लिनची नोकरी गेली की त्यानं सोडली, याच्या गावात दोन कथा आहेत. आता तो शाळेची बस चालवतो. भिंत झाली. पलीकडच्या नणंदेला, चेपाला, भेटायचं तर मावशी गाडीत बसून नाक्याला वळसा घालून जाते, दिवस जातो. नाही तर दोघी दांड्यांच्या फटीतून बोलतात, आणि भांडतातही. सिमोनचा हाशन पलीकडे शाबूत आहे.

इकडे व्हर्लिनचा तो हाशन म्हणजे आमच्या जिवाला घोर. हलवलेला मोठा हाशन एका दिवसात मरत नाही. आत साठवलेल्या पाण्यावर वर्षानुवर्षं उभा राहतो, आणि तो जगतोय की संपत आलाय हे वरून कळत नाही. मावशी दर रविवारी जाऊन त्याच्या अंगावरच्या उभ्या घड्यांवर तळहात फिरवायची आणि घरी आल्यावर व्हर्लिनचं कपाळ चाचपायची. एका हिवाळ्यात व्हर्लिनला ताप भरला तर निम्मं गाव दवाखान्यात जायच्या ऐवजी हाशन बघायला गेलं. "मी इथं आहे, अरे," तो अंथरुणातून सांगत होता. दुसऱ्या वर्षी फूल नाही. तिसऱ्या वर्षी नाही. मावशी बोलायची नाही, पण जेवण कमी झालं होतं तिचं.

यंदाच्या जूनमध्ये त्याच्या डोक्यावर फळं धरली. भरपूर. त्यावरही लोकांनी जीभ चालवलीच: मरायला टेकलेला हाशन शेवटचा असाच भरभरून फळतो. खरं असेल, खोटं असेल. व्हर्लिननं काठीनं पहिलं फळ पाडलं. खाली आपटून ते उकललं, आत लालभडक गर, काळ्या बारीक बिया. तो ते हातात धरून नुसताच उभा.

"खा की," मी म्हणाले.

"मावशी, मी खाऊ का हे?" त्यानं विचारलं. "म्हणजे, हा मीच ना? स्वतःचंच फळ स्वतः खाल्लेलं चालतं?"

आम्ही सगळे मावशीकडे पाहायला लागलो. कुणालाच ठाऊक नव्हतं. मावशी काठीवर टेकून उभी होती, तिचे डोळे भरले होते आणि ते तिनं पुसलेही नाहीत.

"मग काय त्या साहेबाला नेऊन देतोस?" ती म्हणाली. "खा मुकाट्यानं. आणि सगळ्या बिया गिळू नकोस. थोड्या तोंडात ठेव, भिंतीपाशी जा आणि फटीतून पलीकडे थुंक. चांगला जोरात थुंक, लांब गेल्या पाहिजेत."

व्हर्लिननं अर्धं फळ मोडून मला दिलं. तोंडात गर धरून आम्ही दोघं भिंतीकडे चालायला लागलो.